हॅनाचा अल्कतामापक : दीड वर्षाच्या वापरानंतर

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या तळघरात ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची, खाऱ्या पाण्याची काचटाकी आहे. खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात अडीचशे लिटरच्या आसपास पाणी उरते आणि त्या पाण्यात ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा आणि युफिलिया या जातींची जिवंत प्रवाळे वाढतात. घरी येणारे नातेवाईक 'अंगठीत घालायचे पोवळे तुम्ही घरीच पिकवता का' असे हमखास विचारतात. ते पोवळे निराळ्या, खोल पाण्यातल्या प्रवाळाचे असते, असे उत्तर दिल्यावर त्यांचा रस काहीसा ओसरतो. येथे मात्र मी टाकीविषयी नव्हे, तर तिच्याशेजारच्या फळीवर ठेवलेल्या, मुठीत मावेल एवढ्या एका उपकरणाविषयी लिहिणार आहे. हॅना इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा एचआय ७७२ हा सागरी पाण्याची अल्कता मोजणारा मापक मी गेले दीड वर्ष जवळजवळ रोज वापरते आहे.

अल्कतेला एवढे महत्त्व का, हे आधी सांगावे लागेल. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद आणि ती मुख्यतः त्यातल्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेटमुळे येते. खडकी प्रवाळे आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट अशा दोन्ही गोष्टी उचलतात. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम दर दशलक्ष भागांत ४२० भागांच्या जवळपास असते आणि अल्कता सुमारे ७ डीकेएच असते (डीकेएच हे अल्कता मोजण्याचे एकक). प्रवाळांनी २.८ डीकेएच अल्कता वापरली की त्याच वेळी कॅल्शियम फक्त २० भागांनी उतरते. म्हणजे कॅल्शियमचा साठा पाच टक्केही हललेला नसतो, तेव्हा अल्कता चाळीस टक्के संपलेली असते. घरात गव्हाचे पोते महिनाभर पुरते आणि दूध मात्र रोज संपते, तसाच हा हिशेब आहे. त्यामुळे टाकीतले बिघाड सर्वांत आधी अल्कतेच्या आकड्यात उमटतात. रोज मोजावी अशी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी अल्कताच निवडेन.

हे उपकरण घेण्यापूर्वी मी थेंबाथेंबाने रंग बदलणारा चाचणीसंच वापरत असे. त्यात टाकीच्या पाण्यात निर्देशक, म्हणजे आम्लानुसार रंग बदलणारे रसायन, घालायचा, मग पिचकारीने आम्ल सोडत राहायचे आणि हिरवट निळा रंग जाऊन नारिंगी गुलाबी रंग आला की थांबून पिचकारीवरचा आकडा वाचायचा. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, अनुमापन म्हणतात ते हेच. अडचण डोळ्यांची होती. तळघरातल्या टाकीवरचे दिवे निळे असल्यामुळे मला जो रंग नारिंगी वाटे, तो माझ्या नवऱ्याला अजून हिरवटच दिसे आणि आम्हा दोघांच्या आकड्यांत पाऊण ते एक डीकेएचचा फरक पडे. माझे वडील नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ते आमच्याकडे राहायला आले असताना हा वाद ऐकून म्हणाले, "रंग बदलला का, हे वर्गातल्या तीन मुलांना विचारलं की तीन उत्तरं यायची. तुमचं घर काही वेगळं नाही."

एचआय ७७२ मध्ये रंग ओळखण्याचे काम डोळ्यांऐवजी प्रकाशसंवेदक करतो. काचेच्या कुपीत टाकीचे १० मिलिलिटर पाणी घ्यायचे, ती कुपी उपकरणात ठेवून बटण दाबायचे आणि त्याला शून्य ठरवू द्यायचे. पडद्यावर 'सी २' असे आले की कुपी बाहेर काढून तिच्यात पिचकारीने नेमके १ मिलिलिटर अभिकारक, म्हणजे चाचणीचे आम्लयुक्त रसायन, घालायचे, झाकण लावून ती चार-पाच वेळा हलकेच उलटसुलट करायची आणि पुन्हा आत ठेवून बटण दाबायचे. अल्कतेच्या प्रमाणात पाणी पिवळे, हिरवट किंवा निळे होते, त्यातून किती प्रकाश आरपार गेला हे उपकरण मोजते आणि लगेच डीकेएचमधला आकडा दाखवते. सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. 'सी २' दिसत असताना आपण रेंगाळलो, तर ते स्वतःहून बंद होते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. माझ्याकडून हे सुरुवातीच्या आठवड्यात तीनदा घडले, कारण अभिकारकाची बाटली आधी उघडून ठेवण्याची सवय मला लागली नव्हती.

आकडा पटकन मिळतो म्हणून तो खरा असतोच असे नाही, हा वडिलांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. त्यांनी एक साधी परीक्षा सुचवली. ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवला. त्यातले १० मिलिलिटर द्रावण टाकीच्या ९९० मिलिलिटर पाण्यात मिसळले की त्या लिटरभर पाण्याची अल्कता २.८ डीकेएचने वाढते. टाकीचे पाणी उपकरणाने ८.० दाखवले होते. एक टक्का पाणी पातळ झाले हे धरता मिश्रण १०.७ दाखवायला हवे होते, ते १०.५ दिसले. वडिलांनी वहीत तारीख घालून हे लिहिले आणि खाली 'ठीक' असा शेरा मारला. त्यांच्या हातचा हा शेरा मिळवण्यासाठी आम्ही लहानपणी जिवाचे रान करायचो.

कंपनी स्वतः या मापकाची अचूकता ०.३ डीकेएच अधिक वाचनाच्या पाच टक्के, एवढ्या मर्यादेत सांगते. ८ डीकेएचच्या आसपास मोजत असताना याचा अर्थ असा की खरा आकडा दोन्ही बाजूंना ०.७ पर्यंत सरकलेला असू शकतो. हे वाचून काही जण निराश होतात. माझ्या मते त्यांची अपेक्षाच चुकीच्या ठिकाणी आहे. प्रवाळे ७.५ वरही सुखाने वाढतात आणि ९ वरही. त्यांना सोसत नाही ती या दोन आकड्यांमधली उडी. म्हणून आजचे वाचन कालच्या वाचनाशी ताडून पाहणे, हाच या उपकरणाचा खरा उपयोग आहे. एकाच माणसाने, एकाच पद्धतीने, एकाच वेळी मोजले तर माझ्या अनुभवात लागोपाठच्या दोन चाचण्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक क्वचितच पडतो. वेळेचे म्हणाल, तर प्रवाळे उजेडात सांगाडा झपाट्याने बांधतात आणि रात्री सावकाश. त्यामुळे सकाळचे आणि संध्याकाळचे वाचन मुळातच सारखे येत नाही. मी रोज रात्री नऊला, दिवे मंद होण्याच्या आधी मोजते.

आकडे उड्या मारू लागले तर दोष बहुधा हातांचा असतो. अभिकारक एक मिलिलिटरऐवजी ०.९५ पडले, तरी आम्ल पाच टक्क्यांनी कमी पडून अल्कता जास्त दिसते, म्हणून पिचकारीतला हवेचा बुडबुडा घालवण्यात कुचराई करू नये. पाणी कुपीवरच्या रेघेपर्यंत अंदाजाने ओतण्यापेक्षा वेगळ्या १० मिलिलिटरच्या पिचकारीने मोजून घालणे चांगले. कुपीवर बोटांचे ठसे राहता कामा नयेत, आतल्या पाण्यात फुगे राहता कामा नयेत आणि शून्य ठरवताना जी कुपी वापरली तीच, त्याच बाजूने, दुसऱ्यांदाही ठेवावी. काम झाल्यावर कुपी लगेच शुद्ध पाण्याने धुवावी. मी एकदा ती तशीच ठेवून झोपले, काचेवर पांढुरका थर बसला आणि पुढचे चार दिवस मी टाकीला दोष देत राहिले.

या उपकरणाने मला शिकवलेली पहिली गोष्ट फारशी सुखाची नव्हती. तेव्हा माझ्या ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोके पांढरी पडून झडत होती. रंगाच्या संचावर मी ९.३ वाचत होते आणि वाढ जोरात व्हावी म्हणून अल्कता मुद्दाम थोडी चढीच ठेवली होती. नव्या मापकाने पहिल्याच रात्री १०.९ दाखवले. टाकीत फॉस्फेट जवळजवळ शून्य होते. अन्नद्रव्ये अगदी कमी आणि अल्कता चढी असली की टोके जळतात, हा प्रवाळ पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे आणि त्यात माझीही भर पडली. मी सोड्याची मात्रा निम्म्यावर आणली, माशांचे खाणे थोडे वाढवले आणि दहा-बारा दिवसांत आकडा ८.३ पर्यंत हळूहळू उतरू दिला. नवी टोके धरायला दोन महिने गेले. एक फांदी मात्र गेली ती गेलीच.

दुसरा प्रसंग मापकाच्या बाजूचा आहे. आमच्याकडे द्रावणे थोडी थोडी सोडणारा एका कंपनीचा स्वयंचलित पंप आहे. गेल्या हिवाळ्यात त्याची नळी आतून चिरली आणि द्रावण टाकीऐवजी कपाटाच्या तळाशी जमा होऊ लागले. पंपाचा दिवा हिरवाच होता आणि पाणी नेहमीसारखेच नितळ होते. फक्त रात्रीच्या नोंदींत ८.२, ७.५, ६.७ असे उतरते आकडे आले. तिसऱ्या रात्री मी कपाट उघडले. भरपाई करताना एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवायचे नाही हा नियम पाळला. आठवड्यातून एकदाच मोजण्याची जुनी सवय असती, तर हे मला प्रवाळांचे मांस सांगाड्यावरून सुटू लागल्यावरच कळले असते.

आकडा हाती आला की औषध स्वयंपाकघरात सापडते, ही या छंदातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. अडीचशे लिटर पाण्याची अल्कता १ डीकेएचने वाढवायला साडेसात ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. कॅल्शियमही सोबत हवे असेल तर चुन्याची निवळी घालता येते. परदेशी छंदी तिला जर्मन नावाने ओळखतात आणि आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. फक्त येथे पानाचा चुना न घेता शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. एक लिटर संपृक्त निवळीने माझ्या टाकीत ०.४५ डीकेएचची भर पडते. रोज उडून जाणारे दोन लिटर पाणी नुसत्या निवळीने भरले की प्रवाळांची ०.८ ची दैनंदिन भूक पुरती भागते. मात्र निवळीचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच सोडावी. हे सारे गणित मापकाने रोजची घट नीट सांगितली तरच जमते, एरवी चमच्यांचा अंदाज उरतो.

उपकरणाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. प्रवाळांचा रंग केवळ अल्कतेवर ठरत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की त्यांच्या ऊतीतली शैवाले माजून सारे काही तपकिरी दिसू लागते आणि उजेडाचा भागही मोठा असतो. यातले काहीही हे उपकरण सांगत नाही. मी घेतले तेव्हा त्याची किंमत ६० डॉलरच्या आसपास होती, पण खरा खर्च अभिकारकाचा आहे. एक बाटली २५ चाचण्यांना पुरते, म्हणजे रोज मोजणाऱ्याला महिनाभरही नाही. बाटलीवरची मुदत पाहूनच घ्यावी. याच मालिकेतला एचआय ७५५ हाच आकडा दशलक्ष भागांत दाखवतो आणि त्याला १७.९ ने भागत बसावे लागते, म्हणून घेताना क्रमांक नीट वाचावा. कॅल्शियमचा मापक मात्र मी घेणार नाही. त्यात टाकीचे पाणी केवळ ०.१ मिलिलिटर घ्यायचे असते आणि एवढ्या थेंबात झालेली चूक आकड्यात कितीतरी पटींनी फुगते. कॅल्शियमसाठी महिन्यातून एकदा जुना रंगाचा संचच पुरेसा आहे.

हे वाचून महाराष्ट्रात कोणी टाकी मांडण्याचा बेत करत असेल, तर एक गोष्ट आधी पाहावी. भारतात सर्व खडकी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा अन्य कुठल्याही किनाऱ्यावरून ती उचलणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. माझ्या टाकीतली प्रवाळे इथे अमेरिकेतल्या छंदींनी आपापल्या टाक्यांत वाढवलेल्या तुकड्यांपासून आलेली आहेत. कायद्यात बसणाऱ्या जीवांची टाकी असेल आणि त्यात सांगाडा बांधणारे काहीच नसेल, तर अल्कता फार सावकाश हलते. तिथे आठवड्याला एक चाचणी पुरते आणि एवढा खर्च करण्याचे कारण नाही. खडकी प्रवाळे वाढवणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींना मात्र मी हे उपकरण दिवे आणि पंप यांच्या जोडीनेच घ्यायला सांगेन.

सध्याच्या बाटलीत सहा चाचण्या शिल्लक आहेत. नवी बाटली आली की एकाच रात्री जुन्या आणि नव्या अभिकारकाने एकाच भांड्यातले पाणी मोजून फरक वहीत लिहायचा, असा वडिलांचा दंडक आहे, म्हणून त्यातल्या दोन मी राखून ठेवल्या आहेत.