नफीसींचं जाडजूड पुस्तक: ४ स्टार, एक कापलाय तो भाषेचा

पुस्तक घ्यायच्या आधी दहा वेळा विचार केला कारण किंमत खिशाला जड आणि विषय इराणी सिनेमा, आमच्या नौपाड्यात इराणी म्हटलं की लोकांना ब्रून मस्काच आठवतो. तरी हमीद नफीसींच्या ‘अ सोशल हिस्टरी ऑफ इरानियन सिनेमा’चा पहिला खंड मागवलाच. कुरियरवाला वॉचमनकडे टाकून गेला, कोपरा दुमडलेला, पण त्यात पुस्तकाची काय चूक.

एकूण चार खंड, २०११-१२ मध्ये आलेले, पहिल्यात १८९७ ते १९४१. नफीसी मूळचे इराणातल्या इस्फहानचे, शिकवलं अमेरिकेत.

खरी मजा ‘दुख्तर-ए-लोर’ची. पहिला फारसी बोलपट, १९३३ला तेहरानला लागला आणि बनला कुठे तर आपल्या मुंबईत! ‘आलम आरा’वाल्या अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत. लिहिला अब्दुलहुसेन सपंतांनी, हिरोही तेच, आणि हिरोईनच्या बोलण्यात पक्का केरमानी हेल, म्हणजे तेहरानपासून लांब, इराणातल्या केरमानकडचा. म्हणजे तेहरानवाल्यांनी पडद्यावर आपली भाषा ऐकली ती मुंबईहून आलेली, वर गावाकडच्या हेलात. मी हे बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आधी गॅस बंद कर.

आता हेलावरून, नफीसींचंच २००१चं ‘ॲन ॲक्सेंटेड सिनेमा’ मी मित्राकडून आणून आधीच वाचलेलं. त्यात हेल पात्रांच्या तोंडचा नाही, देश सुटलेल्या दिग्दर्शकाच्या अख्ख्या सिनेमालाच हेल असतो असं ते म्हणतात, मग पत्रं, फोन, सुटकेसी, एअरपोर्ट, कोंदट खोल्या परत परत येत राहतात. मला आमची आजी आठवली, पन्नास वर्षं ठाण्यात काढली पण “आमच्याकडे” म्हटलं की देवगड, आणि ट्रंकेत तिकडची पोस्टकार्डं. त्याच्याही आधी, १९९३ला, त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या इराणी लोकांच्या टीव्हीवर पुस्तक लिहिलंय, परक्या शहरात बसून टीव्हीवर आपला देश कसा उभा करतात ते. आमच्याकडे ते काम गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्राने केलं असावं!

तक्रार एकच, भाषा फार प्राध्यापकी, काही पानांना दोन-दोन चहा लागतात. इराणी सिनेमा कधीच बघितला नसेल तर डायरेक्ट याला हात घालू नका, आधी दोन-चार सिनेमे बघा.

दुसरा खंड बोनस झाला की बघू. कोणाकडे असेल तर सांगा, ठाणे स्टेशनला येऊन घेऊन जातो, कव्हर घालून वाचतो मी.