द्वाड घोडी विणार आहे: घरची पागा की स्टड फार्म?

घोडी स्वभावाने गरीब असेल तर हा प्रश्न मुख्यतः सोयीचा आणि खर्चाचा. पण घोडी चावरी, लाथाळ असेल तर आधी विचारायचं ते हे की त्या रात्री तिच्या अंगाला हात कोण लावू शकेल? इंदूरच्या आसपास, खंडवा रोडला किंवा महूच्या बाजूला शेतघरावर हौसेने एखाद-दुसरी मारवाडी किंवा काठियावाडी घोडी ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. ती ज्याचं ऐकते असा माणूस घरी असेल आणि त्याला वीण कशी होते ते ठाऊक असेल, तर घरीच. यातली एक जरी गोष्ट नसेल तर स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारं ठिकाण. मात्र ठरवायचं ते लवकर. घोडी साधारण 340 दिवस गाभण असते आणि 320 ते 365 दिवसांत कधीही विऊ शकते. फार्मवर न्यायची तर तारखेच्या चार ते सहा आठवडे आधी. तिथल्या रोगजंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्या अंगात तयार होऊन चिकात उतरायला तेवढा वेळ लागतो. धनुर्वाताची बूस्टर लसही याच सुमारास देतात. आणि तापट घोडीला नवी जागा, नवी माणसं, शेजारची घोडी हे सगळं अंगवळणी पडायलाही तेवढे दिवस हवेतच. शेवटच्या आठवड्यात ट्रकमध्ये चढवून पाठवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

फार्मची खरी ताकद रात्री दिसते. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, आणि आसपास वर्दळ असली तर पहिल्या कळा थोपवूनही धरतात. पाणमोट फुटल्यावर मात्र सगळं वीस ते तीस मिनिटांत उरकतं. वीस मिनिटं होऊनही शिंगरू पुढे सरकलं नाही तर धोका समजा. आणि पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आधी दिसली तर जार (वार) अवेळी सुटली आहे, शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. ती पिशवी तिथल्या तिथे फाडावी लागते. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955पासूनचं, आपल्या भागाचा मोठा आधार आहे, पण इंदूरपासून ते वीस-पंचवीस किलोमीटरवर. फोन लावून डॉक्टर येईपर्यंत ही वेळ निघून जाते. फार्मवर हे ओळखणारा माणूस रात्रभर जागा असतो. पण तुमची घोडी त्याला पागेत पाऊल टाकू देईल का? फार्म बघायला जाल तेव्हा मी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारीन.

घरी ठेवायची तर तयारी अशी: निदान 14 बाय 14 फुटांची मोकळी खोली, खाली गव्हाचं लांब काड. लाकडाचा भुसा ओल्या शिंगराच्या नाकातोंडाला चिकटतो, तो नको. अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) बांधून ठेवायची सवय असेल तर ती महिनाभर आधीच सोडवा. विताना घोडी आडवी होते, उठते, लोळते. बांधलेली घोडी स्वतःलाही इजा करून घेते आणि शिंगरालाही. कोरड्या दिवसांत स्वच्छ पॅडॉक (कुंपणाचं मोकळं आवार) खोलीपेक्षा बरा, भित्र्या घोडीला तर फारच. पण पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल होतो, तेव्हा खोलीच.

विण्याआधीचं काम मात्र दोन्हीकडे तेच, आणि लोक नेमकं तेच टाळतात. कासेला हात लावू न देणारी घोडी पुढे शिंगरालाही पिऊ देत नाही. पहिलटकरणीत हे जास्त दिसतं. म्हणून शेवटचे पाच-सहा आठवडे रोज खांद्याजवळ उभं राहून मानेपासून पाठ, पोट, मग कास असा हात फिरवत न्या. पुढे कोमट पाण्याचा फडका. ती स्थिर उभी असतानाच हात काढून घ्या. लाथ उगारल्यावर काढलात तर लाथेने काम होतं हे ती शिकते. दूध मात्र पिळू नका, चीक वाया जातो. कधी न चिडणारी घोडी अचानक चिडायला लागली तर स्वभावाला दोष देण्याआधी कास गरम किंवा कडक आहे का ते बघा.

व्याल्यानंतर घराचं पारडं जड होतं, अट एकच: पेढे घेऊन येणारे नातेवाईक, मुलं आणि कुत्री पहिले काही दिवस पागेबाहेर. आई राखण करते तो द्वाडपणा नव्हे. तिच्या आणि शिंगराच्या मध्ये कधीही उभं राहू नका. बेंबीला औषध लावायला दोघं लागतात: एक घोडीच्या तोंडाशी, दुसरा शिंगरापाशी, आणि शिंगरू तिच्या नजरेसमोर. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, जार तीन तासांत पडावी. यातलं काही चुकलं तर डॉक्टरांना बोलवा. घोडी नुसती बिचकत किंवा गुदगुल्यांनी पाय उचलत असेल तर ओळखीचा माणूस तिला धरून पाजवू शकतो. दात लावून अंगावर जात असेल तर शिंगराला लगेच आडोशाने वेगळं करा. मग चीक काढून द्यावा लागतो, पहिल्या सहा तासांत एक ते दोन लिटर, थोडा थोडा करून. चोवीस तासांनंतर आतडं त्यातली प्रतिद्रव्यं शोषत नाही. इथे मात्र चीक साठवून ठेवणारा फार्म घरापेक्षा कितीतरी सरस.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं की शिंगराला हात न लावता पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटं नुसत्या आईला मऊ खरारा केला आणि हाताने खाऊ घातलं, तरी ते बघणारी शिंगरं पुढे माणसाला कमी बुजली. द्वाड घोडीच्या मालकाने हे पाच दिवस सोडू नयेत. आणि हा खरारा तिच्या ओळखीच्या हातानेच व्हावा. म्हणून फार्म निवडलात तरी तुमचा मोतद्दार (घोडीची देखभाल करणारा माणूस) विण्याच्या सुमारास आणि नंतर आठवडाभर तिथेच असू द्या. त्याची राहायची सोय करायला फार्मवाले तयार नसतील तर दुसरा फार्म बघा.