आउटबॅकचं ॲव्हरेज: मोकळी गाडी, टपावरचा बॉक्स आणि मागचा ट्रेलर

अमेरिकेत ऑल-व्हील-ड्राइव्ह स्टेशन वॅगन घ्यायची म्हटलं तर निवड फार नाही. व्होल्व्हो व्ही60 क्रॉस कंट्री आहे, आउडी ए4 ऑलरोड वापरलेली मिळते, पण दोघींना प्रीमियम पेट्रोल लागतं. साध्या 87 ऑक्टेनच्या (रेग्युलर) पेट्रोलवर चालणारी आणि वाजवी किमतीत सहज मिळणारी म्हणजे सुबारू आउटबॅक. हे परीक्षण 2020 ते 2025 च्या पिढीचं आहे आणि त्यातही फक्त पेट्रोलच्या हिशेबाचं. सीट, स्क्रीन, आवाज यांवर इतरत्र भरपूर लिहिलं गेलंय.

आधी सरकारी आकडे. 2020 च्या 2.5 लिटर, 182 हॉर्सपॉवरच्या साध्या इंजिनाला ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था, ॲव्हरेजचे अधिकृत आकडे तीच देते) गॅलनला शहरात 26, हायवेवर 33 आणि सरासरी 29 मैल दिले. आपल्या भाषेत लिटरला सव्वाबारा किलोमीटर. 2.4 लिटर टर्बोला (एक्सटी, 260 हॉर्सपॉवर) 23, 30 आणि 26, म्हणजे लिटरला 11. 2022 च्या मॉडेलपासून आलेल्या वाइल्डरनेसला, म्हणजे खडबडीत रस्त्यांसाठीच्या आउटबॅकला, सरासरी 24. इंजिन तेच टर्बो, पण गाडीचं पोट जमिनीपासून 9.5 इंच वर, टायर जाड नक्षीचे आणि फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारा शेवटचा गिअर) 4.44. त्या दिसण्याची किंमत दर टाकीला मोजावी लागते. माती-खडकाच्या रस्त्यावर नेहमी जाणार नसाल तर वाइल्डरनेस घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

वर्षाला 12,000 मैल धरले तर 2.5 ला 414 गॅलन लागतात, टर्बोला 462. गॅलन साडेतीन डॉलर धरला तर फरक वर्षाला 170 डॉलरच्या आत. त्यामुळे केवळ पेट्रोलच्या भीतीने टर्बो टाळण्यात अर्थ नाही, आणि ट्रेलर ओढायचा नसेल तर टर्बोसाठी हजारो डॉलर जास्त मोजण्यातही नाही.

«चारही चाकं फिरतात म्हणून पेट्रोल खाते» हे सर्रास ऐकू येतं. खरं आहे, पण थोडंच. 2020 ची होंडा सीआर-व्ही पुढच्या चाकांवर गॅलनला सरासरी 30 मैल देते, ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये 29. त्याच वर्षाची सुबारू लेगसी सेडान बघा: तेच 2.5 इंजिन, तीच चार चाकं, आणि सरासरी 30. म्हणजे वॅगनचा उंच आकारही सेडानपेक्षा एकच मैल जास्त खातो. खरी गळती मालक स्वतः लावतो: टपावरचा बॉक्स, वेग आणि टायरची हवा.

टपावरच्या मोठ्या, बोथट तोंडाच्या बॉक्समुळे ताशी 65 ते 75 मैल वेगात 10 ते 25 टक्के ॲव्हरेज जातं, असं अमेरिकी ऊर्जा खात्याची माहिती सांगते. मागे हिचवर (ट्रेलर जोडायचा लोखंडी हुक) अडकवलेल्या ट्रेवर तेच सामान ठेवलं तर हायवेवर 1 ते 5 टक्के. ट्रिप संपल्यावर बॉक्स काढायचा कंटाळा करून सहा-सहा महिने तसाच फिरवणारे लोक कमी नाहीत. टर्बो आणि साध्या इंजिनातल्या फरकापेक्षा हायवेवर हा फरक बहुधा मोठा पडतो.

थंडीतही आकडा पडतो. बाहेर उणे 7 सेल्सिअस असेल तर शहरातलं ॲव्हरेज सुमारे 15 टक्क्यांनी उतरतं, आणि तीन-चार मैलांच्या फेऱ्या असतील तर त्याहून जास्त. डिसेंबरात गाडी बिघडली असं समजून शोरूममध्ये धाव घेऊ नका. कोलोराडोत राहणाऱ्यांनी पंपावर मात्र लक्ष द्यावं: तिथे सर्वात स्वस्त नळी बहुधा 85 ऑक्टेनची असते आणि सुबारूला किमान 87 हवं. तिथे ते मधल्या बटणावर मिळतं.

आता ट्रेलर. 2.5 ची मर्यादा 2,700 पौंड, टर्बोची 3,500. बहुतेकांची नजर इथेच थांबते, पण ॲव्हरेज ठरवतं ते वजनापेक्षा ट्रेलरचं तोंड. गाडीच्या आडोशात राहणारा 1,500 पौंडांचा टीअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा छोटा, बुटका कॅम्पर) ताशी 60 मैलांवर ओढला तर साध्या इंजिनावर गॅलनला साधारण 20 ते 22 मैल मिळतात. 2,500 पौंडांचा उंच, चौकोनी कॅम्पर 65 वर ओढला की आकडा 14 ते 17 वर येतो. समोरून वारा असेल तर त्याहून खाली. वजन चढावर आणि वेग घेताना खातं, हवा मात्र सतत खात राहते. 65 वरून 75 वर गेलात की हवेचा अडसर तेहतीस टक्क्यांनी वाढतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर असताना 55 मैलांची मर्यादा आहे. ती पाळली तर दंड वाचतो आणि पेट्रोलही.

टाकी 18.5 गॅलनची, म्हणजे 70 लिटर. मोकळ्या गाडीत 500 मैल सहज निघतात. कॅम्पर मागे असेल तर 250 मैल व्हायच्या आधीच पंप शोधा. डॅशबोर्डवरचा «उरलेलं अंतर» हा आकडा आधीच्या ॲव्हरेजवरून काढलेला असतो. ट्रेलर जोडल्यावर पहिला तासभर तो आशावादी थापा मारतो. नेवाडासारख्या विरळ वस्तीत त्याच्यावर विसंबू नका.

घाटात दोन इंजिनांतला फरक उघडा पडतो. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 वर आयझेनहावर बोगदा सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे. तिथवर साध्या इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद विरळ हवेत जाते. मागे 2,000 पौंड असतील तर इंजिन 5,000 आरपीएमच्या आसपास ओरडत राहतं आणि ॲव्हरेज एक आकडी होतं, म्हणजे दहाच्या खाली जातं. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून तो निवांत चढतो. मोकळ्या गाडीत कागदावर मागे असलेला टर्बो इथे बरोबरीला येतो. ट्रेलर घेऊन डोंगरात वारंवार जाणाऱ्यांनी एक्सटीच घ्यावी. मैदानी राज्यात वर्षातून दोनदा टीअरड्रॉप ओढायचा असेल तर 2.5 पुरते.

मॅन्युअलमधली एक ओळ फारसं कुणी वाचत नाही: बाहेर 40 सेल्सिअस किंवा जास्त तापमान असताना पाच मैलांहून लांबचा सलग चढ असेल तर ओढायची मर्यादा निम्मी होते. कारण सीव्हीटी गिअरबॉक्सचं (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) तेल तापतं. «एटी ऑइल टेम्प»चा दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करू नका, दिवा विझेपर्यंत आयडलिंगवर ठेवा. उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली आणा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. नेहमी ट्रेलर ओढणाऱ्यांनी सीव्हीटीचं तेल सुमारे 25,000 मैलांना बदलावं. «हे आयुष्यभर चालतं» असं काउंटरवर सांगितलं तरी बदलावं.

हिच बसवणाऱ्याकडे जाताना आणखी एक गोम लक्षात ठेवा. 1,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि आउटबॅकचं नेहमीचं वायरिंग चार पिनांचं असतं. त्यातून फक्त दिवे चालतात. इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनांचं सॉकेट, बॅटरीपासून ओढलेली वेगळी वायर आणि ब्रेक कंट्रोलर, तिन्ही लागतात. भाव ठरवताना हे सगळं धरूनच विचारा. नाहीतर स्वस्तातली हिच नंतर दुप्पट पडते. हिचवर येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. कमी असेल तर ट्रेलर शेपटासारखा हलतो, जास्त असेल तर गाडीची मागची बाजू बसते. हा भार ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या एकूण वजनातच मोजायचा. पाच माणसं, डिकीभर सामान आणि वर 250 पौंडांचा भार इतकं सगळं बहुधा त्यात बसत नाही. ट्रेलर असताना आयसाइटचा (सुबारूची कॅमेऱ्यावर चालणारी मदत यंत्रणा) क्रूझ आणि मागे घेतानाचा ऑटो ब्रेक बंद ठेवायचा.

वापरलेली आउटबॅक बघायला गेलात तर मागच्या बंपरखाली वाका. हिच असेल किंवा काढल्याच्या खुणा असतील तर सीव्हीटीचं तेल कधी बदललं याची पावती मागा. मग टेप काढा आणि चारही टायरचा घेर मोजा. पाव इंचाहून जास्त फरक असेल तर चारही चाकांना ताकद देणारा क्लच सतत घासत आलेला असतो. अशा गाडीसाठी चार नव्या टायरचे पैसे किमतीतून कापून घ्या.