आईबाबा म्हातारे होतात तेव्हा: रॉझ चास्टचं चित्रांतलं पुस्तक

मागच्या दिवाळीत सांगलीला गेले होते तेव्हा बाबांना सहज विचारलं, बँकेत नॉमिनी कोण लावलाय, एफडीच्या पावत्या कुठे असतात, मला आणि दादाला माहीत असायला हवं ना. बाबा ८४ वर्षांचे. त्यांनी काही न बोलता टीव्हीचा आवाज वाढवला. आई असती तर शुभ बोल नाऱ्या म्हणून मोकळी झाली असती. मीही गप्प बसले आणि खरं सांगायचं तर विषय बंद झाला म्हणून मलाही बरंच वाटलं, चकलीचा डबा पुढे ओढला आणि बोलणं पावसावर गेलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी हे पुस्तक हातात आलं, 'कान्ट वुई टॉक अबाउट समथिंग मोअर प्लेझंट?', म्हणजे आपण काहीतरी बरं बोलूया का. सुरुवातीलाच हाच प्रसंग आहे! सोफ्यावर आईवडील बसलेत, मुलगी चाचरत विचारतेय की तुम्ही कधी त्या... गोष्टींचा विचार करता का, मरण हा शब्द तिच्याही तोंडून निघत नाही, ते दोघं काही कळलंच नाही असं दाखवतात, ती जाऊदे म्हणते आणि तिघांचाही जीव भांड्यात पडतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं ज्यू कुटुंब आणि सांगलीतलं आमचं घर, पण ते पान बघून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

रॉझ चास्ट ही 'न्यूयॉर्कर' या अमेरिकन मासिकाची व्यंगचित्रकार, १९७८ पासून तिथे तिची चित्रं छापून येतात. रेषा थरथरती, माणसं कायम घाबरलेली, केस विस्कटलेले. पुस्तकातली मुलगी हीच, एकुलती एक. आईवडील जॉर्ज आणि एलिझाबेथ, दोघंही १९१२ चे, दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले, शाळेत एका वर्गात होते, युद्धाचा काळ आणि नोकऱ्या सोडल्या तर आयुष्यभर एकमेकांना सोडून कुठे गेले नाहीत. वडील हायस्कुलात फ्रेंच, स्पॅनिश शिकवायचे, अतिशय मऊ माणूस आणि अखंड काळजी करणारा. आई प्राथमिक शाळेत असिस्टंट प्रिन्सिपल, आवाज असा की घर दणाणायचं. पुस्तक २०१४ ला आलं, त्याला अमेरिकेतल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कारही मिळाला, पण ते बाजूला ठेवते कारण मला पुस्तकाबद्दल बोलायचंय.

१९९० मध्ये ती कुटुंबासकट शेजारच्या कनेटिकट राज्यात राहायला गेली आणि पुढची अकरा वर्षं ब्रुकलिनच्या घरी एकदाही गेली नाही, हे ती स्वतःच लिहिते. २००१ च्या सप्टेंबरमध्ये गेली तेव्हा तिला पहिल्यांदा काय दिसलं तर मळ. आठवडाभर झाडलं नाही म्हणून साचते ती धूळ नाही, ज्यांना आता दिसतही नाही आणि होतही नाही अशा माणसांच्या घरात प्रत्येक वस्तूवर हळूहळू चढतो तो चिकट थर. आमच्या आईच्या शेवटच्या दोन वर्षांत स्वयंपाकघरातले डबे हाताला असेच चिकट लागायचे, आयुष्यभर ज्या बाईने पितांबरी लावून डबे लख्ख ठेवले तिचे डबे. मला ते लागायचं, मी पुसायचे, पण त्याचा अर्थ काय हे मी स्वतःला सांगितलं नाही. या बाईने सांगितलंय.

घरात एक कपाट आहे ज्यात अनेक वर्षांचं काहीबाही कोंबलेलं असतं. नव्वदी ओलांडलेली आई त्यातलं काहीतरी काढायला शिडीवर चढते आणि पडते, डॉक्टर नको म्हणून अंथरुणात पडून राहते, शेवटी हॉस्पिटलात न्यावंच लागतं, आणि मग वडील मुलीकडे राहायला येतात तेव्हा कळतं की ते किती विसरायला लागलेत. बायको हॉस्पिटलात आहे हे पुन्हापुन्हा विसरतात, पण बँकेची जुनी पासबुकं मात्र विसरत नाहीत! कधीच बंद झालेल्या खात्यांची पासबुकं, कोणीतरी घर फोडून ती नेईल म्हणून रात्रभर जीव टांगणीला. संध्याकाळ झाली की गोंधळ वाढतो, तेच प्रश्न परत परत. ही पानं वाचताना मी ज्या ज्या घरी डिमेन्शिया बघितलाय ती सगळी घरं डोळ्यासमोर आली, आणि इथे चित्र असल्यामुळे जे होतं ते कुठल्याही लेखात होत नाही, वडिलांचा चेहरा प्रत्येक चौकटीत थोडासाच बदलतो आणि त्यात आपल्याला दिसतं की माणूस तोच आहे, फक्त वाट चुकलाय.

मग मध्येच चित्रं थांबतात आणि फोटो येतात. घर रिकामं करताना तिने काढलेले साधे फोटो. जुने चष्मे. आईच्या पर्सेस. एक ड्रॉवर भरून नुसती बरण्यांची झाकणं, एक भरून पेन्सिली. मला वाटतं पुस्तकातली सगळ्यात जड पानं हीच, कारण व्यंगचित्रात आपण हसण्याची तयारी ठेवून असतो आणि फोटोत ती सोय नाही. झाकणांचा तो ड्रॉवर बघितल्यावर आईच्या ओट्याखालची दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्यांची गड्डी आठवली, रबर लावून ठेवलेली, मी ती एका झटक्यात कचऱ्यात टाकली होती.

पैशाबद्दल ती ज्या स्पष्टपणे लिहिते त्यासाठी मी या पुस्तकाला सगळ्यात जास्त मानते. म्हाताऱ्यांच्या ज्या सोसायटीत दोघांना ठेवलं तिथला खर्च प्रचंड, आईवडिलांनी काटकसर करून साठवलेला पैसा तिथे भराभर संपत जातो, आणि मुलगी मनात हिशोब करते की पैसे आधी संपणार की... आणि हे मनात आलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटते. आपल्याकडे आया पुरवणाऱ्या ब्यूरोचे पैसे, डायपरचे पैसे, ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं सगळे भरतात आणि हा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन गेलेला असतो, पण उच्चारणारी व्यक्ती एकदम वाईट ठरते. तो विचार येणं आणि माया असणं दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतं, हे इतक्या साधेपणाने लिहिलेलं मी आजवर वाचलं नव्हतं.

वडील २००७ ला गेले. आई २००९ पर्यंत. आईशी तिचं कधीच जमलं नव्हतं आणि पुस्तक शेवटी गोड करून टाकत नाही. मरणाच्या दारात सगळं बोलून होईल, रडारड होईल, मिठी मारली जाईल असं आपल्याला वाटतं. इथे मुलगी धीर करून म्हणते की मी लहान असताना आपण जरा जास्त मैत्रिणी असतो तर बरं झालं असतं, आई विचारते तुला त्याचं वाईट वाटतं का, ही नाही म्हणते, उलट विचारते, आईही नाही म्हणते. संपलं. बाहेर येऊन ही गाडीत बसते. आणि याच आईला सांभाळायला जी जमैकाची बाई ठेवलेली असते तिच्यावर आईचा जीव जडतो, ते बघताना मुलीच्या पोटात काय होतं तेही आहे.

हसू येतंच, भरपूर येतं. आईला आता शेवटचं बघून घ्यायचं म्हणून ही जाते तर आई उठून बसून ट्यूना सँडविच खातेय!

आणि मग शेवटची चित्रं. इथे रंग गेलेत, चौकटी गेल्यात, बोलण्याचे फुगे गेलेत. आई पलंगावर, तोंड उघडं, उशीत रुतलेलं डोकं, खाली तारीख. मुलगी उशाशी बसून रेखाटत होती, दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. आख्ख्या पुस्तकात थरथरणारी रेषा इथे एकदम स्थिर होते. आमच्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्या हाताकडे असंच तासन्‌तास बघत होते, सलाईनच्या पट्टीखाली बांगडीचा जुना वळ होता, पण मला चित्र काढता येत नाही. रॉझच्या आईवडिलांच्या अस्थी पुस्तकाच्या शेवटी तिच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत.

घेण्याबद्दल. फोनवर वाचू नका, तिचं हस्ताक्षर बारीक आहे आणि पानं गच्च भरलेली असतात, झूम करत बसलात तर चौकटींची लय जाते. छापील कॉपीच घ्या. माझी ऑनलाइन मागवलेली, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत आली, दोन कोपरे चेपलेले, इतक्या महागड्या रंगीत पुस्तकाला एक पुठ्ठा घालायला काय हरकत होती. इंग्लिश सोपं आहे, अमेरिकन ज्यू घरातले काही शब्द अडतील पण चित्र सांभाळून घेतं. घरात आत्ता कोणी अगदी शेवटच्या आजारात असेल तर मात्र थांबा, मी आईच्या वेळी हे वाचू शकले नसते.

चित्रांतून खऱ्या आठवणी सांगणारं अजून काही वाचलं असेल, स्पिगलमनचं माऊस किंवा सत्रापीचं पर्सेपोलिस, तर तिथे पाठीमागे केवढा इतिहास उभा आहे, छळछावण्या, क्रांती, युद्ध. इथे काहीच नाही. दोन म्हातारी माणसं, एक फ्लॅट, औषधं, बिलं. म्हणून हे जास्त आपलं वाटतं. आपल्याकडे व्यंगचित्रांची एवढी मोठी परंपरा, दिवाळी अंक चित्रांशिवाय पुरा होत नाही, शि. द. फडणीसांची गप्प चित्रं बघत आम्ही मोठे झालो, पण व्यंगचित्रकाराने स्वतःचं घर, स्वतःची आई अशी पानोपान काढलेलं मराठीत मला वाचायचंय, फार वाचायचंय.

परवा सांगलीला जाताना पुस्तक घेऊन गेले. बाबांनी भिंग लावून शिडीचं पान बघितलं, पासबुकांची पानं बघितली, तो माणूस कुठल्या भाषा शिकवायचा ते विचारलं. जेवताना म्हणाले, पावत्या निळ्या फायलीत आहेत, माळ्यावर, पण तू स्टुलावर चढू नकोस, दादा आला की त्याला काढायला सांग.