ईडीसी-एनएचएस कपलिंग किट: माल चांगला, पत्रक मात्र गंडवणारं

तीन स्टार देतोय. पाचही दिले असते पण सोबतच्या माहितीपत्रकाने माझे जवळजवळ तीन आठवडे खाल्ले.

किटमध्ये ईडीसी आणि एनएचएसच्या कुप्या (ही दोन रसायनं मिळून कार्बॉक्सिल गट अमाईन गटाला जोडतात), एक एमईएस बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) आणि शेवटी ब्लॉकिंगला, म्हणजे उरलेल्या जागा बंद करायला, इथेनॉलअमाईन येतं. माझं काम सोन्याच्या इलेक्ट्रोडवर थायोलचा (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा) थर, त्याच्या टोकाला कार्बॉक्सिल, त्यावर अँटीबॉडी (ठरावीक रेणू ओळखून पकडणारं प्रथिन) बसवायची आणि मग इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायचा. पत्रकात लिहिलंय सगळं एकत्र मिसळा, ३० मिनिटं थांबा, सेन्सर तयार. वाचायला किती छान वाटतं ना!

पहिल्या खेपेला काहीच चिकटलं नाही, अँटीबॉडी घातलेला इलेक्ट्रोड आणि कोरा इलेक्ट्रोड दोघांचा आलेख सारखाच. इथे चूक माझीच होती, अँटीबॉडीची कुपी ट्रिस बफरमध्ये आलेली आणि मी ती तशीच वापरली. ट्रिसमध्येच प्रायमरी अमाईन असतो, त्यामुळे अँटीबॉडीवरच्या लायसीनला (अमाईन असलेलं अमिनो आम्ल) संधी मिळायच्या आधीच तो जागा अडवून बसतो. ग्लायसीनचंही तेच, आणि स्टॅबिलायझर म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घातलेला असेल तर तोही स्वतःच जाऊन चिकटतो. पण मग हे पत्रकात एका ओळीत सांगायला काय जात होतं??

बफर बदलून पुन्हा केलं तर नायक्विस्ट प्लॉटमधलं, म्हणजे इम्पीडन्सच्या आलेखातलं, अर्धवर्तुळ हे एवढं फुगलं, मी खूश, लॅबमध्ये सगळ्यांना दाखवून आलो. नंतर अँटिजेन (अँटीबॉडीने जे पकडायचं तेच) घातलं आणि रेषा जागची हलेना. झालं काय होतं तर अँटीबॉडीवर अमाईन पण असतात आणि कार्बॉक्सिल पण, आणि सगळं एकाच भांड्यात असल्यावर ईडीसी त्यांना एकमेकांनाच जोडत सुटतं, म्हणजे इलेक्ट्रोडवर जाऊन बसला तो गोळा. अडथळा वाढला म्हणून आकडा वाढला, ओळखण्याची ताकद मात्र गेली. हा प्रकार फार फसवा आहे, नुसता कपलिंगनंतरचा आकडा बघून कुणी नाचू नका.

मग पत्रक बाजूला ठेवलं आणि दोन टप्प्यांत केलं. आधी फक्त इलेक्ट्रोड, एमईएसमध्ये, पीएच ५.५ च्या आसपास, ईडीसी आणि एनएचएससोबत १५ मिनिटं. मग पटकन धुवून अँटीबॉडी फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४ ला. कारण ईडीसीला आम्ल बाजू मानवते, पण त्या पीएचला अमाईनवर प्रोटॉन बसलेला असतो त्यामुळे तो हल्ला करायला आळशी. उलट पीएच वर नेला की अमाईन मोकळा होतो पण एनएचएस एस्टर (पहिल्या टप्प्यात इलेक्ट्रोडवर तयार झालेला, अमाईनला जोडून घेणारा गट) पाण्यानेच तुटायला लागतो, पीएच ७ ला शून्य अंशाला त्याचं अर्धआयुष्य ४-५ तास आणि पीएच ८.६ ला ४ अंशाला जेमतेम १० मिनिटं. म्हणजे धुताना चहा प्यायला गेलात तर संपलं. आणि किटमध्ये बफर एकच, दुसरा तुमचा तुम्ही बनवा!

यावेळी सिग्नल आला. मग हाव सुटली, अँटीबॉडी दुप्पट केली, तर अँटिजेनचा प्रतिसाद उलट कमी झाला. लायसीन अँटीबॉडीवर सगळीकडे असतात, त्यामुळे कोण सरळ बसेल कोण उताणं ते आपल्या हातात नाही, वर गर्दी केली की अँटिजेनला आत शिरायला जागा उरत नाही. प्रमाण कमी करत करत मधे कुठेतरी बरी जागा सापडली, ती तुमच्या अँटीबॉडीला वेगळी असणार.

आता चांगलं काय तेही सांगतो. ईडीसी एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत दिलंय ही गोष्ट खरंच मस्त. आधी आमच्याकडे मोठी बाटली होती, ईडीसी हवेतला ओलावा ओढतं, कुणीतरी फ्रीझरमधून काढून थंडच उघडायचं आणि महिन्याभरात आत चिकट ढेकूळ. या कुप्या पण खोलीच्या तापमानाला येऊ द्या मगच उघडा. इथेनॉलअमाईनचं पीएच आधीच ८.५ ला लावून दिलंय, तेवढा त्रास वाचला.

पुन्हा मागवलंय. पत्रकाची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर आमचा प्रोटोकॉल लिहून फ्रीझरच्या दाराला चिकटवलाय, पुढची बाजू आत.