विकिमीडिया कॉमन्स: ११ महिने, २१४ फोटो आणि एक कोळवं

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जाणार हे नक्की झालं आणि गेल्या श्रावणात सासूबाईंनी माळा उपसायला काढला. पोत्यांतून एकेक पितळेचं भांडं खाली यायला लागलं. घंगाळ, चरवी, कासंडी, दोन ओगराळी, सोऱ्या, पुरणयंत्र आणि तळाला एका कापडी पिशवीत धान्य मोजायची तीन मापं. नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं, तिथे हे कुठे मावणार? बरंचसं मोडीत घालायचं ठरलं. मी म्हटलं, "आई, चार दिवस थांबा. आधी फोटो काढते."

माझा आणि मिस्टरांचा वीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो, नंतर नंतर दागिन्यांच्या कॅटलॉगची कामं. त्यामुळे चकाकणाऱ्या वस्तू कशा टिपायच्या ते मला येतं. फोटो झाले आणि संगणकात जाऊन बसले. भाचा आला होता, तो बघून म्हणाला, "मामी, इथे ठेवून कोणाला दिसणार? कॉमन्सवर टाक ना." त्याला आता ११ महिने झाले. हातात एखादी कला आहे आणि ती चार लोकांच्या उपयोगी पडावी असं वाटतं, अशा माणसांसाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी थोडक्यात ओळख. विकिपीडियाच्या लेखांत जी चित्रं दिसतात, त्यातली बहुतेक विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोंच्या ऑनलाइन कोठारातून येतात. सप्टेंबर २००४ मध्ये हे सुरू झालं आणि आज तिथे १० कोटींहून जास्त फाइली आहेत. मराठी विकिपीडिया याच्याही आधीचा, १ मे २००३ चा. तुम्ही एकदा फोटो चढवला की तो मराठी लेखात लागू शकतो, तसाच तमिळ किंवा जपानी लेखातही. पैसे मिळत नाहीत. खातं काढायला पाच मिनिटं लागतात. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते फोटो चढवल्यानंतरचं.

पितळेचं भांडं म्हणजे आरसाच. कॅमेरा दिसतो, खिडकी दिसते, माझा हिरवा ड्रेससुद्धा दिसतो. मी उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल लावलं, पांढरी चादर अंथरली, दोन बाजूंना थर्माकोलचे तक्ते उभे केले. एवढ्याने भांडं सगळं पांढुरकं, सपाट दिसतं, म्हणून कडेला काळ्या कार्डपेपरच्या बारीक पट्ट्या ठेवल्या. त्या पट्टीचं प्रतिबिंब भांड्याच्या काठावर पडलं की गोलाई उठून येते. दागिन्यांच्या कामात शिकलेली ही युक्ती. प्रत्येक भांड्याशेजारी शाळेतली सहा इंची पट्टी ठेवली, कारण आकार कळल्याशिवाय ओगराळं आणि पळी यांत अनोळखी माणसाला फरक दिसणार नाही. ही पट्टी पुढे फार कामाला आली.

फोटो चढवले तेव्हा मला वाटलं होतं, आपलं काम संपलं. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्यांना वर्ग जोडले होते: पितळी वस्तू, महाराष्ट्रातली स्वयंपाकाची भांडी वगैरे. आठवड्याभरात एकाने विचारलं, "ताई, भांडी घासण्याआधीचा फोटो आहे का?" मी तर तोवरची सगळी चिंचेने लखलखीत करून मगच टिपली होती. त्यांचं म्हणणं असं की काळवंडलेला भाग कुठे आहे, तळ कुठे झिजलाय, यावरून भांडं कसं वापरलं जायचं ते कळतं. वीस वर्षं मी गिऱ्हाइकाला सुंदर दिसेल तेच दिलं. वस्तू जशी आहे तशी हवी, असं मागणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. उरलेल्या भांड्यांचे मी दोन-दोन फोटो काढले, एक माळ्यावरून उतरलं तसं आणि एक घासून.

नावांचं तर विचारूच नका. 'उलथणं' असं लिहून एक फोटो टाकला. एकाने वर्णनात 'कलथा' जोडलं. नागपूरकडच्या एका बाईंनी 'सराटा' जोडलं. पातेल्याच्या फोटोखाली 'गंज' आलं, मग मराठवाड्यातल्या कोणी 'भगोणं' लिहिलं. विळीला 'इळी' आणि 'मोरळी' मिळाली. मी ते संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवायची. त्या रत्नागिरीकडच्या. मोरळी ऐकून एकदम म्हणाल्या, "अगं, माझी आजी मोरळीच म्हणायची. मी विसरलेच होते." लग्न होऊन ठाण्यात आल्यावर इथल्या शेजारणींबरोबर बोलता बोलता तो शब्द मागे पडला होता, तो साठ वर्षांनी एका अनोळखी माणसाने परत आणून दिला. मला तेव्हा खरंच भरून आलं.

इथे माझा फोटो हा नुसता खुंटा आहे. त्याला कोण काय बांधेल ते माझ्या हातात नाही, आणि जे बांधलं जातं ते मला एकटीला कधीच जमलं नसतं.

कल्हईचंही असंच झालं. पाचपाखाडीत एक कल्हईवाले अजून येतात. त्यांना विचारलं, फोटो काढू का. म्हणाले, "चेहरा नको, हात घ्या." नऊ फोटोंची मालिका केली. जमिनीतला खड्डा, कोळसे, भाता. भांडं तापलं की आत नवसागराची पूड टाकतात, भसकन पांढरा धूर येतो, मग कथलाची कांडी आत फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने सरसर पुसायचं. तो क्षण टिपायला मला तीन भांडी लागली. बोळा फिरतो तिथे पिवळ्या पितळेवर चांदीसारखी लाट पसरत जाते, सेकंद-दोन सेकंदांचा खेळ. लगेच भांडं पाण्यात. मी वर्णनात एवढंच लिहिलं होतं की नवसागराने भांडं स्वच्छ होतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी त्यात भर घातली: तापल्यावर नवसागरातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतात, धातूवरचा ऑक्साइडचा थर निघतो, म्हणून कथील धरतं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून साधा कोळसा आणि भाता पुरतो. दुसऱ्या कोणी तमिळ आणि कन्नडमध्ये मथळे लिहिले. कल्हईवाल्यांना पुढच्या खेपेला फोनवर ते दाखवलं. त्यांनी कन्नड ओळ दोनदा वाचली, कारण ते मूळचे विजापूरकडचे. मग नवसागर किती टाकायचा आणि जास्त झाला तर काय होतं, ते आपणहून सांगायला लागले. मी वहीत उतरवून घेतलं.

आता ज्या गोष्टी आधी माहीत असायला हव्या होत्या त्या.

पहिली, परवाना. मी सीसी बाय-एसए ४.० निवडला. याचा अर्थ कोणीही तुमचा फोटो वापरू शकतं, धंद्यासाठीसुद्धा, फक्त तुमचं नाव द्यायचं आणि फोटोत फेरफार करून पुढे दिला तर तोही याच परवान्याखाली द्यायचा. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे वाक्य मी चढवताना वाचलं होतं, पण मनात उतरलं ते दिवाळीत. एका छापील अंकात माझ्या घंगाळाचा पूर्ण पानभर फोटो आला, खाली नाव नाही. पोटात कालवाकालव झाली. पैशाचा प्रश्न नव्हता. नाव देणं एवढीच अट होती, तीही पाळली नाही. मी सभ्य भाषेत पत्र लिहिलं, परवान्याची ओळ जोडली. उत्तर आलं नाही. पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापली, तेवढ्यावर मी थांबले. तुमची रोजीरोटी ज्या फोटोंवर आहे ते इथे देऊ नका, असं मी स्टुडिओवाल्या मैत्रिणींना स्पष्ट सांगते. जे मोकळ्या मनाने देता येईल तेच द्या.

दुसरी, दुसऱ्याची कला. समईच्या एका फोटोत मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर गणपतीचं चित्र. तो फोटो वगळायच्या चर्चेत गेला. मी चिडले, माझाच फोटो, माझीच भिंत! पण कॅलेंडरचं चित्र कोणा चित्रकाराचं आहे, आणि ते मुक्त करायचा हक्क मला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्यांना आणि इमारतींना फोटोसाठी सूट आहे, भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना तशी नाही. म्हणजे तलावपाळीचे फोटो खुशाल टाका, पण रंगवलेल्या भिंतीचे टाकण्याआधी विचार करा. माझा फोटो चोरून कोणी छापला तेव्हा मला जे वाटलं, तेच त्या चित्रकाराला वाटलं असतं. चर्चा निदान सात दिवस चालते, तेवढ्यात मी समई पांढऱ्या पडद्यापुढे ठेवून नवा फोटो काढला.

तिसरी, आणि ही बायकांनी विशेष लक्षात ठेवा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात आणि चढवताना ते सोबत जातात. तलावाच्या फोटोला ते हवेच असतात. घरातल्या विळीच्या फोटोबरोबर मात्र तुमच्या घराचा पत्ता जगाला मिळतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची नोंद बंद करा. आणखी एक, जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली असतात, कोणी कोणाच्या लग्नात काय दिलं ते. सासूबाईंच्या आईच्या कळशीवर तर आख्खी ओळ आहे. घरातल्या सगळ्यांना विचारून मगच मी तो फोटो दिला, आणि दोन भांडी नावाची बाजू वळवून टिपली.

भाषेचं सांगायचं तर, बटणं आणि मेनू मराठीत करून घेता येतात, पण नियमांची पानं आणि चर्चा मोठ्या प्रमाणात इंग्रजीत आहेत. पहिले दोन महिने मी भाच्याला रोज फोन करत होते. ज्यांच्या घरी भाचा नाही त्यांनी काय करायचं? मराठीत समजावून सांगणारी माणसं हवीत, म्हणून हल्ली नव्या लोकांच्या शंकांना मी स्वतः उत्तरं देते.

फोटोंना 'दर्जेदार चित्र' हा शिक्का मिळवता येतो. किमान २ मेगापिक्सेल लागतात आणि दुसरा सदस्य पारखून बघतो. माझा चरवीचा फोटो पहिल्यांदा नापास झाला, कारण भांडं डावीकडे किंचित कललेलं होतं. मला पटेना. पट्टी लावून बघितलं तर खरंच कललेलं होतं. स्टुडिओत वीस वर्षांत कोणी एवढं निरखून माझं काम बघितलं नव्हतं. दुरुस्त करून पाठवला, पास झाला.

मापांचं शेवटी ठेवलंय, कारण ते अजून चालूच आहे. तीन मापांना मी मोठ्यापासून शेर, मापटं, चिपटं अशी नावं दिली होती. साताऱ्याकडच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, "तुमच्या फोटोतल्या पट्टीवरून हिशेब केला. आतला व्यास साडेआठ सेंटिमीटर, खोली सव्वाआठ. म्हणजे साधारण ४७० मिलिलिटर. शेर एवढा लहान नसतो, हे मापटं असावं." मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी डोळे मिटून पाढा म्हणावा तसं म्हटलं, "दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. आणि आपला शेर तुझ्या नणंदेकडे गेलाय, डोंबिवलीला." म्हणजे माझी तिन्ही नावं एकेक पायरी चुकली होती. सगळ्यात धाकटं ते चिपटं नव्हे, कोळवं. फाइलचं नाव आपल्याला थेट बदलता येत नाही, विनंती टाकावी लागते. टाकली, बदललं.

मग मी तिन्ही मापं पाण्याने भरून मोजली, औषधाच्या सिरिंजने शेवटचा थेंब धरून. ४७०, २४०, ११५. मास्तरांकडे निळवं आहे, आमच्याकडे नाही. त्यांनी ते मोजून फोटोसकट चढवलं: ६८. माझ्या कोळव्याच्या निम्म्याहून बरंच जास्त. गावोगावची मापं वेगळी होती, १९५६ च्या कायद्याने किलो-लिटर येईपर्यंत हे असंच चालायचं, असं मास्तर म्हणाले. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, पाण्याने कशाला मोजताय? धान्याचं माप शिगेनं भरतात, काठाच्या वर ढीग येईपर्यंत. पाण्याला शीग येते का?"

तेव्हा मोडीत घालायला निघालेल्या पिशवीतून ही तीन मापं काढून घेतली आहेत. नणंदबाई रविवारी शेर घेऊन येणार आहेत. सगळी मापं तांदळाने शिगोशीग भरायची, वजन करायचं, दर वेळेला शिगेचा बाजूने फोटो. मास्तर तिकडे त्यांच्या निळव्याचं तेच करणार आहेत. तांदूळ कोणता घ्यायचा ते मात्र अजून ठरलेलं नाही. मी कोलम म्हणतेय, ते इंद्रायणी.