बॉनेटखालची सफाई : पाण्याने धुवावी की कोरडीच करावी?

बॉनेट उघडून इंजिनाची सफाई घरीच करू पाहणाऱ्याला पहिल्याच पायरीवर एक निर्णय घ्यावा लागतो. डिग्रीझर (तेलकट थर सैल करणारा द्रव) फवारून, घासून, सगळे पाण्याने धुऊन काढायचे, की पाण्याचा पाइप बाजूला ठेवून ब्रश, ब्लोअर आणि ओलसर कापडावर काम भागवायचे? मी या दोन्ही पद्धती बराच काळ वापरल्या आहेत. माझी गाडी पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक आहे, ती अकोट तालुक्यातील एका गावात पत्र्याच्या शेडखाली उभी असते, आणि पुढील मत त्या परिस्थितीतून तयार झालेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. इंजिन थंड होऊ देणे, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडणे, हवेच्या फिल्टरचे तोंड आणि अल्टरनेटर झाकणे या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे धरून चालतो.

निवड करण्यापूर्वी आपल्या गाडीत नेमकी कोणती घाण साठते, हे एकदा नीट पाहावे. शहरातील गाडीच्या बॉनेटखाली धूर, तेलकट थर आणि पावसाळी चिखल यांचे मिश्रण असते. आपल्याकडे मात्र दिवाळीच्या आगेमागे मळणी यंत्रांतून उडालेले सोयाबीनचे कुटार, त्यानंतर जिनिंगकडे जाणाऱ्या उघड्या गाड्यांतून रस्त्यावर सांडलेल्या रुईचे तंतू आणि जवळजवळ वर्षभर काळ्या मातीचा बारीक फुफाटा, अशी ही घाण असते. तिचा मोठा भाग कोरडा असतो. काळ्या मातीचा गुणधर्म शेतकऱ्याला सांगायला नको: पाणी लागले की ती फुगते, चिकटते, आणि वाळल्यावर कडक पापडी धरते. जो फुफाटा ब्रशच्या एका फटकाऱ्याने उडाला असता, तोच पाणी पडल्यावर वायरींच्या जुडग्यात आणि बॅटरीच्या तळाशी असलेल्या ट्रेमध्ये जाऊन बसतो.

तरीही पाण्याच्या पद्धतीची बाजू कमी लेखण्यासारखी नाही. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅस्केटमधून (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीतून) तेल पाझरत असेल आणि त्यावर धूळ बसून काळा चिकटा तयार झाला असेल, तर कोरड्या ब्रशने तो फक्त इकडून तिकडे पसरतो. तेथे पाण्यात मिसळणारे डिग्रीझर, काही मिनिटांची वाट आणि हलक्या धारेचे पाणी यांना पर्याय नाही. इंजिनाच्या खालच्या अंगाला, जेथे हात पोहोचत नाही, तेथेही पाणीच पोहोचते. शिवाय धुतलेले इंजिन पहिल्या दिवशी जितके स्वच्छ दिसते, तितके कोरड्या पद्धतीने केलेले दिसत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. (गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल फवारून इंजिन चकाकवण्याची जुनी रीत आहे, तिचा विचार मी येथे करत नाही. कूलंटच्या रबरी नळ्या खनिज तेलाने फुगतात, उरलेल्या तेलकट थरावर धूळ अधिक बसते, आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच.)

माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरवला, ती गोष्ट म्हणजे आमच्या बोअरचे पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि या पट्ट्यातील भूजल इतके खारे आहे की कित्येक गावांत ते पिण्यास आणि ओलितासही चालत नाही. त्या पाण्याने गाडीचा पत्रा धुतला तर निदान लगेच कोरड्या कापडाने पुसता येतो. बॉनेटखाली तसे पुसता येत नाही. पाणी कोपऱ्याकोपऱ्यांत राहते, तेथेच आटते, आणि त्यातील क्षार मागे राहतात. काळ्या प्लास्टिकच्या कव्हरवर राखेसारखे पांढरे ओघळ, ॲल्युमिनियमवर खरखरीत ठिपके, वायरींवरील नागमोडी नळीच्या प्रत्येक वळ्यात पांढरी रेघ, असे चित्र दुसऱ्या दिवशी दिसते. मे महिन्यात, जेव्हा अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तर डिग्रीझर धुऊन निघण्याआधीच वाळते आणि त्याचाही डाग या डागांत मिसळतो.

या डागांचा खरा त्रास ते काढताना कळतो. ओल्या कापडाने पुसल्यास ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात, परंतु कापड त्याच पाण्याचे असेल तर वाळल्यावर पुन्हा उमटतात. पातळ केलेल्या व्हिनेगरने चुनखडीचा थर विरघळतो, पण आम्ल ॲल्युमिनियमवर रेंगाळले तर धातू निस्तेज होतो, म्हणून ते धुऊन काढावे लागते. आणि धुवायला पुन्हा तेच बोअरचे पाणी. वरून ड्रेसिंगचा, म्हणजे प्लास्टिक-रबर काळेभोर दिसावे म्हणून लावायच्या द्रवाचा, हात दिला तर थोडे दिवस सगळे काळेभोर दिसते, मग ड्रेसिंग उतरते आणि त्याखालचे ओघळ जसेच्या तसे वर येतात. मिठाचा अंश असलेले पाणी धातूला गंजवते आणि विजेच्या जोडण्यांत शिरले तर टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर धरते, ही बाब दिसण्यापेक्षाही गंभीर आहे. गावात वान धरणाचे गोडे पाणी ८४ खेडी योजनेतून येते, परंतु ज्या नळाच्या पाळीची घराघरांत वाट पाहिली जाते, ते पाणी इंजिनावर ओतणे माझ्या मनाला पटत नाही.

दुसरा आक्षेप प्रेशर वॉशरबाबत आहे. घरगुती वॉशरचा दाबही १०० बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. हल्लीच्या गाड्यांतील जोडण्या जलरोधक असतात हे खरे, पण आयपी ६७ या जलरोधकतेच्या दर्जाची चाचणी १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटे ठेवून घेतात. जवळून मारलेल्या जोरदार झोताशी तिचा संबंध नाही. त्या झोताने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या खोलगट विहिरींत पाणी साचते, मग इंजिन अडखळत चालते. धुवायचेच असेल तर बॅटरीवर चालणारा फवारणी पंप त्याच्या कमी दाबामुळे मला अधिक सुरक्षित वाटतो, मात्र तो नवा किंवा केवळ पाण्यासाठी राखलेला असावा. तणनाशक किंवा कीटकनाशक वापरलेला पंप कितीही विसळला तरी या कामाला घेऊ नये, कारण तो फवारा आपल्याच तोंडावर परत येतो.

कोरड्या पद्धतीत काम हळू होते आणि क्रम पाळावा लागतो. प्रथम वायपरच्या खालच्या जाळीतील कडुनिंबाची वाळलेली पाने हाताने काढावीत, कारण तीच पुढे पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजवतात. मग रंगाचा मऊ, लांब केसांचा ब्रश घेऊन वरून खाली धूळ सैल करावी आणि हाताच्या ब्लोअरने बाहेर काढावी. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवाही चालते, पण टाकीतील ओल हवेबरोबर येते, म्हणून आधी थोडी हवा मोकळी सोडून पाहावी. रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरवर चिकटलेली रुई फुंकण्यापेक्षा ब्रशने पट्ट्यांच्या दिशेनेच उचललेली बरी. फुंकल्यास ती आत रुतते. शेवटी आरओच्या पाण्यात ऑल पर्पज क्लीनर पातळ करून ते कापडावर फवारावे आणि एकेक भाग पुसून घ्यावा. २० लिटरच्या जारमधील लहानशा हिश्श्यात सगळे इंजिन होते, आणि वाळल्यावर एकही पांढरा ठिपका राहत नाही. माझ्या दृष्टीने या पद्धतीचे सर्व श्रम येथेच वसूल होतात.

तिची एक उणीव मात्र दुर्लक्षू नये. सुगीच्या दिवसांत उंदीर बॉनेटखाली कापूस आणून घरटे करतात. तेथे लेंड्या किंवा मुताचे डाग दिसले तर ब्लोअर लावू नये, कारण ती धूळ श्वासातून आत जाते, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तेवढा भाग जंतुनाशक मिसळलेल्या पाण्याने आधी भिजवावा, हातमोजे व मास्क घालून कागदाने उचलावा, आणि त्याच वेळी वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहावे. ही पाहणी कोरड्या पद्धतीत आपोआप होते. प्रत्येक नळी आणि प्रत्येक क्लिप हाताखालून जात असल्यामुळे भेगाळलेले रबर किंवा नुकतेच पाझरू लागलेले तेल वेळेत ध्यानात येते.

ड्रेसिंगबाबत दोन्ही पद्धतींना एकच सल्ला देईन: ते पाण्यावर आधारित असावे, कापडाला लावून प्लास्टिकवर आणि नळ्यांवर पातळ फिरवावे, आणि इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याला (बेल्टला) कधीही लावू नये. तेलकट, चमकदार प्रकार आपल्या फुफाट्यात टिकत नाहीत. धूळ त्यावर बसून राहते.

माझा कल कोणीकडे आहे हे आता लपलेले नाही, तरी तो सगळ्यांना लागू पडेल असे मी म्हणणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांच्या विहिरीला गोडे पाणी आहे, त्यांच्यासाठी माझा मुख्य आक्षेपच उरत नाही. भंडारा-गोंदियाकडील धानाच्या पट्ट्यात गाडीखाली कोरड्या धुळीपेक्षा ओला चिखल अधिक साठतो, तेथे हलक्या धारेचे पाणी कदाचित जास्त उपयोगी ठरेल. जुन्या डिझेल जीपवर तेलाचा जाड थर असेल, तर गॅस्केट बदलून घेतल्यावर एकदा नीट धुवावी, शेवटची विसळ आरओच्या पाण्याने द्यावी, आणि त्यानंतर कोरड्या पद्धतीवर यावे. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आणि प्रेशर वॉशर घ्यावा की काय या विचारात असलेल्या वाचकाने मात्र आधी ब्लोअर आणि दोन चांगले ब्रश घेऊन एक हंगाम काढून पाहावा. वॉशर नंतरही घेता येतो.